सु. ज. म्हणजे कोण?

सांगली, सातारा, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटीतून उतरा आणि पानटपरीवर विचारा, 'आण्णांचं दुकान कुठं?' टपरीवाला 'कुठले आण्णा?' असं विचारणार नाही. चुना लावता लावता हनुवटीनंच दिशा दाखवेल. या भागात दर गावात एक आण्णा असतात, त्यांचं एक दुकान असतं आणि त्या दुकानाविषयी गावाची एक कायमची कुरकुर असते. आमच्या गावाची कुरकुर 2025 च्या दिवाळीत फळ्यावर आली आणि मारुतीच्या देवळात बैठक घ्यावी लागली, एवढाच काय तो फरक.

दुकान देवळाला लागूनच आहे. पाटीवर 'किराणा, भुसार व जनरल स्टोअर्स' असं लिहिलेलं आहे, पण ते वाचायला पायरीपर्यंत जावं लागतं. पाटी एका शीतपेयाच्या कंपनीनं फुकट करून दिलेली, त्यामुळं बहुतेक जागा बाटलीनं घेतली आहे आणि दुकानाचं नाव बुचाच्या वर, जागा उरली तिथं बसवलं आहे. 2022 साली कायदा सुधारून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असंही ठरलं. तेव्हा काही तरुण कार्यकर्ते तपासणीला आले होते. अक्षरं मराठीच होती, पण बारीक होती. आण्णा म्हणाले, "कायदा दुसऱ्या अक्षरापेक्षा लहान नको म्हणतो. बाटलीपेक्षा लहान नको म्हणत न्हाई." मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक गार बाटली दिली. कार्यकर्ते खूष झाले. बाटल्यांचे पैसे त्यांच्या त्यांच्या खात्यावर लागलेत हे त्यांना महिनाअखेरीला कळलं.

'जनरल' या शब्दात काय काय मावतं, ते आण्णांच्या दुकानात बघावं. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ आणि बेगड, कासरा, वेसण, लग्नाच्या मुंडावळ्या, डोकेदुखीची गोळी, शाळेचे कोरे नकाशे, रॉकेलच्या दिव्याची वात (रॉकेल मिळेनासं झालं तरी वात आहे), पिठाची चाळण आणि उंदराचं औषध. हे औषध रव्याच्या डब्याशेजारी का ठेवलंय, असं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं. आण्णा म्हणाले, "उंदीर रव्याकडंच येतो. औषध लांब ठेवून त्याला कसं सापडायचं?" साहेबांनी शेरा काय मारला ते माहीत नाही, पण डबा हलला नाही.

या दुकानात माल मागायची पद्धत नाही. माल दिला जातो. आमचे एक निवृत्त गुरुजी अर्धा किलो साखर मागतात आणि आण्णा दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बोलत राहतात. गुरुजी पुन्हा मागतात. "परवाच न्हेली की. सूनबाईंचा निरोप हाय," असं म्हणून आण्णा त्यांच्यापुढं पाव किलो फुटाणे सरकवतात. गुरुजींच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट लॅबमधून घरी पोचतो त्याच्या आधी अंदाजे आकडा आण्णांना ठाऊक असतो. गुरुजी चिडून पेठेतल्या दुसऱ्या दुकानात गेले, तर तिथला दुकानदार म्हणाला, "आण्णांचा फोन आलाय."

खरेदीवरून घरातलं वर्तमान ओळखण्यात आण्णांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नाही. जाडे पोहे पाव किलो नेले तर नुसता बघण्याचा कार्यक्रम. किलोभर नेले तर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी येणार, म्हणजे सुपारी फुटणार. पोह्यांबरोबर शेंगदाणे नेले नाहीत तर मुलीला स्थळ पसंत नाही. (हा शेवटचा ठोकताळा कशावर आधारलेला आहे ते आण्णा सांगत नाहीत, पण तो चुकल्याचंही कुणी सांगत नाही.) एखाद्या घरातून डिंक, खारीक आणि हळीव यांची यादी आली की आण्णा पोऱ्याला म्हणतात, "चांगला डिंक दे, बाळंतिणीचा हाय," आणि रांगेतल्या चार बायकांना बातमी कळते. त्या घरातल्या पाहुण्यारावळ्यांना ती पेढ्यांबरोबर दोन दिवसांनी कळते. बडीशेप, चहापत्ती आणि साखर एकदम दोन-दोन किलो गेली, तर मात्र आण्णा काही विचारत नाहीत. उठून स्वतः माल बांधतात आणि पैशाचं नंतर बघू म्हणतात. दहाव्यापर्यंत त्या घराच्या वहीला हात लागत नाही.

मापाचं म्हणाल तर आण्णा आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलतात. दरवर्षी वजनमाप खात्याचा शिक्का घेतात. जुनी लोखंडी वजनं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून उपयोगी पडतात. आपल्याकडं मेट्रिक वजनं यायला 1958 साली सुरुवात झाली, पण आमच्या आळीतल्या आज्या अजून अदपाव चहा आणि छटाकभर जिरं मागतात आणि आण्णाही न अडखळता देतात. आज्यांची तक्रार वेगळीच आहे. तागडी होती तेव्हा मालाचं पारडं थोडं खाली जाईपर्यंत दुकानदाराला टाकत राहावं लागे. हा नवा काटा बरोबर आकड्यावर थांबतो. त्याला झुकणं माहीत नाही. म्हणून आण्णा वजन झालं की काट्याकडं पाठ करून चिमूटभर चहा वरून टाकतात आणि आज्या समाधानानं पदराला पुडी बांधतात. ती चिमूट आधी कमी तोललेली असते असं काही लोक म्हणतात. ते लोक पुण्याला असतात.

पॅकिंगची गोष्ट अशीच. राज्यात प्लॅस्टिकबंदी 2018 साली आली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड ठरला, तेव्हा शहरातले दुकानदार हवालदिल झाले. आण्णांनी माळ्यावरून सुतळीचं रीळ खाली काढलं, एवढंच. रद्दीच्या कागदात सव्वा किलो तूरडाळ बांधून, सुतळीला दोन वेढे आणि एक हिसका देऊन ते असा पुडा करतात की तो सायकलच्या कॅरिअरवरून पडला तरी डाळ सांडत नाही. पुडा घरी सोडल्यावर गेल्या महिन्यातली एखादी अर्धी बातमी वाचायला मिळते. उरलेली अर्धी शेजाऱ्यांच्या मुगाला.

सुट्ट्या पैशांचा विषय निघाला की आमच्या गावात रिझर्व्ह बँकेचं चालत नाही. दहा रुपयांचं नाणं आमच्याकडं काही वर्षं कुणी घेतच नव्हतं. ज्यावर दहा रेघा आहेत ते खरं आणि पंधरा रेघांचं ते खोटं, असा शोध कुणीतरी लावला आणि बाजाराच्या दिवशी माणसं चष्मा लावून रेघा मोजायला लागली. 2018 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून सांगितलं की दहाची नाणी चौदा नमुन्यांची आहेत आणि सगळी चालतात. हायस्कूलच्या एका सरांनी ते पत्रक छापून आण्णांना दाखवलं. आण्णांनी ते काळजीपूर्वक वाचलं आणि विचारलं, "हे सही करणारे साहेब आपल्या गावात माल घ्यायला येणार हैत का? दुसऱ्यानं घेतलं पायजे ना ओ सर, मग मी घेतो." अर्थशास्त्राचे प्राध्यापक ज्याला चलनावरचा विश्वास म्हणतात तो आण्णांनी एका वाक्यात सांगितला, असं माझं मत आहे. सरांचं मत वेगळं होतं. त्यांच्याकडं नाणी बरीच साठली होती.

गाव तसं वादाला भुकेलेलंच. 2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अट हजार चौरस फूट जागेची होती. आण्णांचं दुकान पोत्यांसकट मोजलं तरी दीडशे भरणार नाही. पण निषेधाचं निवेदन कुणाला तरी द्यायला हवं होतं आणि तहसीलदार मीटिंगला गेले होते, म्हणून ते आण्णांना दिलं. आण्णांनी पोच दिली. निवेदनाच्या पाठीमागं अजून त्यांच्याकडं गुळाच्या ढेपांचा हिशेब आहे.

आता उधारी. हा विषय नीट समजून घ्यायचा तर आमच्या भागात पैसा कधी येतो ते माहीत पाहिजे. दूधवाल्यांचं बिल दर दहा दिवसांनी येतं, म्हणून त्यांची वही दहा दिवसांची. नोकरदारांची महिन्याची. आणि उसवाल्यांची वही 'बिल आल्यावर' या मुदतीची. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचं, असं 1966 सालचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आमच्या गावात हा आदेश शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पैसे मात्र कारखान्याच्या सोयीनं येतात. मधल्या काळात सगळ्या तालुक्याचं तेल, मीठ, साबण आणि मुलांच्या वह्या कुणाच्या भांडवलावर चालतात? चौदा दिवस उलटले म्हणून आण्णांनी कुणाला व्याज लावल्याचं ऐकिवात नाही. ते फक्त टोमणे लावतात, आणि ते चक्रवाढीनं वाढतात.

एकदाच, आयुष्यात एकदाच, आण्णांची सगळी उधारी वसूल झाली. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटा बंद झाल्या आणि 9 तारखेला दुकान उघडायच्या आधी फळ्यांसमोर रांग होती. ज्यांना वर्षानुवर्षं आण्णांच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथवरचा सूर्य बघायची सवय होती, ती माणसं पाचशेच्या नोटा घेऊन उभी होती. एका नातवानं वारलेल्या आजोबांची बाकी फेडली. एकानं पुढच्या वर्षीची आगाऊ भरू का विचारलं. आण्णांनी सगळ्यांचे पैसे घेतले, जुन्या वह्यांवर काट मारली आणि मग महिनाभर दुपारचं दुकान बंद ठेवून स्वतः बँकेच्या रांगेत उभे राहिले. गावाचं कर्ज फिटलं आणि आण्णांचे गुडघे गेले.

हे सगळं असं सुरळीत चाललं असतं, पण बायपासला मार्ट आलं. गारेगार, काचेचं, ढकलगाडीचं. तिथं साबणाला हात लावून बघता येतो, वास घेता येतो आणि परत ठेवताही येतो. आण्णांच्या दुकानात साबणाचा वास घेतलात की तो तुमचा. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. मार्टनं मोठा फलक लावला. आण्णांना लोक विचारायला लागले, "आण्णा, तेल स्वस्त झालं न्हवं?" आण्णा म्हणाले, "झालंय की. आधी गेल्या सालचं महाग तेल फेडा, मग स्वस्त न्या."

दिवाळी जवळ आली तशी गावातली घरंच्या घरं रिक्षा करून मार्टला निघाली. उटणं, मोती साबण, मैदा, रवा, सुका मेवा, सगळं रोखीनं. साखर तर कारखानाच सभासदांना सवलतीत देतो, त्यामुळं साखरेच्या गावात आण्णांची साखर दिवाळीला पडूनच असते. मार्टमधून आणलेल्या पिशव्या रिकाम्या करून त्याच घेऊन माणसं संध्याकाळी आण्णांकडं यायची. राहिलेलं न्यायला. उधार. काड्याची पेटी, हळद, अनारशाला खसखस. मार्टमधल्या काउंटरवरची मुलगीही सुटी झाल्यावर आण्णांकडं यायची, तिचंही खातं होतं. आण्णांनी ते आठवडाभर बघितलं. वसुबारसेच्या सकाळी दुकानाबाहेर एक फळा टांगलेला दिसला. वर 'थकबाकी' असं ठसठशीत अक्षरांत आणि खाली नावाचं नि आडनावाचं पहिलं अक्षर आणि रुपये.

नावं पूर्ण न लिहिण्यात आण्णांचा सभ्यपणा होता. सगळा गोंधळ त्या सभ्यपणानं केला. पूर्ण नावं लिहिली असती तर पंचवीस-तीस माणसं चिडली असती. आद्याक्षरं लिहिल्यानं अख्खं गाव संशयित झालं. 'सु. ज. 4,860' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. आमच्याकडं जाधव भरपूर, आणि त्यात सुरेश, सुनील, सुभाष आणि सुधाकर हे चार जण घरटी एक असावेत असे. फळ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आणि शुभेच्छांच्या पणत्यांच्या मधेमधे एकच प्रश्न फिरायला लागला. सु. ज. म्हणजे कोण?

सुरेशनं देवळाच्या पायरीवर उभं राहून स्वतःची वही चार लोकांना दाखवली. सुनील पुण्याला आयटीत. त्यानं तिथून फोन करून 'सु. ज. (पुणे नव्हे)' असं लिहायला सांगितलं. सुभाषच्या मुलीचं ठरत आलं होतं, सोयऱ्यांकडून विचारणा झाली, म्हणून तो आण्णांकडून 'यांचेकडे येणे बाकी नाही' असा दाखला घेऊन गेला. सुधाकर गरीब माणूस. त्यानं वाद नको म्हणून गुपचूप चार हजार आठशे साठ रुपये आण्णांना आणून दिले. "तुझं हे न्हाई रं," आण्णा म्हणाले. "नसू द्या. पुसा तेवढं," सुधाकर म्हणाला. आण्णांनी पैसे परत केले, पण सुधाकरच्या जाण्यायेण्याची वेळ बघणाऱ्यांनी निष्कर्ष काढला तो काढलाच.

मला सगळ्यात मजा वाटली ती रकमांची. एका तालेवार बागायतदाराच्या आद्याक्षरांपुढं फक्त चाळीस रुपये होते. त्यांना वाटलं लोक हसतील, थकबाकीदार म्हणतील. लोक हसले, पण वेगळ्याच कारणानं. "चाळीस? एवढाच इस्वास आण्णांचा?" असं पारावर बोललं गेलं. पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या पुढं अकरा हजार होते आणि त्यांचा दरारा उलट वाढला. ज्याला आण्णा अकरा हजारांपर्यंत उधार देतात त्या माणसात काहीतरी असणारच. आणि ज्याचं नाव फळ्यावर नव्हतंच, अशा एका नव्या दुमजली बंगलेवाल्याची अवस्था सगळ्यात वाईट झाली. "त्याला आण्णा उधारच देत न्हाईत," अशी कुजबुज सुरू झाली. तो बिचारा रोखीचा माणूस. रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी येऊन त्यानं आण्णांना विनंती केली म्हणतात, की काहीतरी न्यायचं आणि लिहायचं बघा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. गावातल्या वकीलसाहेबांनी सुरुवात केली. भारतीय न्याय संहितेचं 356 कलम, बदनामी. सभा गंभीर झाली. मग कुणीतरी विचारलं, आकडे खरे असले तरी बदनामी होते का? वकीलसाहेबांनी सांगितलं की खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती बदनामी होत नाही, हा त्या कलमाचा पहिलाच अपवाद आहे. झालं. पुढचा तासभर सभा यावरच चालली, की चेअरमनसाहेबांनी अकरा हजारांचं तूप आणि काजू नेले हे कळण्यात लोकहित आहे की नाही. ठेवीदारांचं म्हणणं पडलं, आहे.

वकीलसाहेबांनी मग दुसरा मुद्दा काढला. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळं फळ्यावरची जुनी बाकी कायद्यानं मागता येत नाही. हा मुद्दा सभेला फार आवडला. आण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "वकीलसाहेब, देणेकऱ्यानं मुदतीच्या आत बाकी मान्य करून सही केली तर तीन वर्षं पुन्हा सुरू होत्यात न्हवं?" वकीलसाहेब म्हणाले, होतात. आण्णा म्हणाले, "मग तुम्ही गेल्या गणपतीत वहीत सही केलीया." वकीलसाहेब खाली बसले आणि उरलेल्या वेळात त्यांनी पंचांग चाळलं.

आण्णांची बाजू साधी होती. घरपट्टी थकली की नगरपंचायती माणसाच्या दारात हलगी लावतात. कर्ज थकलं की बँका पेपरात नाव छापतात, कधी फोटोसकट. "त्यांनी हलगी वाजवलेली चालती आन् मी खडूनं लिवलं तर पाप?" याला पुरुषमंडळींकडं उत्तर नव्हतं. उत्तर बायकांच्या बाजूनं आलं. बचत गटाच्या अध्यक्षीण वहिनी उठून म्हणाल्या, "आमच्या गटात दर बैठकीला सगळ्यांसमोर नाव घेऊन हप्ता किती राहिला ते वाचत्यात. आमी कधी मारुतीला गाऱ्हाणं घातलं न्हाई. तुमच्या अब्रूला काय सोन्याचं पाणी दिलंय?" पुरुषांनी यावर चहा मागवला.

आणि मग विषय यायचा तिथंच आला. कोणीतरी पुन्हा विचारलं, ते सगळं असू दे, पण सु. ज. म्हणजे कोण? चारही जाधव एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या जगतापांच्या आजी म्हणाल्या, "म्या हाय. काय म्हननं हाय?"

सगळं गाव त्यांना आजीच म्हणतं. त्यांना स्वतःचं नाव आहे आणि ते 'सु'नं सुरू होतं, हे इतक्या दिवसांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सु. ज. म्हणून गावानं फक्त मिशा तपासल्या होत्या. आजींचा दीड एकर ऊस, मुलगा मुंबईला, आणि ठरलेला शेवटचा हप्ता अजून आला नव्हता. त्या सांगत होत्या, "ऊस न्हेताना टोळी आली, टॅक्टर आला, काट्यावर वजन झालं, पावती दिली. पैसं न्हाईत. आन् नाव माजं फळ्यावर? आण्णा, बाकी माजी हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर वर कारखान्याचं नाव लिव. त्यानं मला दिलं की मी तुला देती."

या एका वाक्यावर सभा संपली. इतक्या वर्षांच्या भाषणांत कुठल्याही पुढाऱ्याला ही मांडणी जमलेली नाही, आणि आमच्याकडं पुढारी कमी नाहीत. आण्णांनी दुकानात जाऊन खडू आणला आणि फळ्याच्या डोक्यावर, सगळ्या आद्याक्षरांच्या वर, 'कारखाना' असं लिहिलं. पुढं रकमेची जागा कोरी ठेवली. ती भरायला फळा पुरणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा चिटबॉय तंबाखू घ्यायला आला आणि फळा वाचून, तंबाखू विसरून गेला. संध्याकाळी शेतकी विभागाची जीप दुकानासमोर थांबली. आतून उतरलेल्या साहेबांनी एक काड्याची पेटी घेतली, क्यूआर कोडवर दोन रुपये पाठवले, यंत्रानं सगळ्या चौकाला 'दोन रुपये प्राप्त झाले' असं ओरडून सांगितलं आणि मग त्यांनी हळूच विचारलं, "हे कारखाना म्हणजे कुठला हो आण्णा?" तालुक्याच्या आसपास दोन-तीन कारखाने आहेत. आण्णा म्हणाले, "आद्याक्षरं लिवायची राहिल्यात साहेब. लिवू का?"

हप्ता पंधरवड्यात जमा झाला. फळ्यामुळं झाला असं म्हणणं धाडसाचं होईल. गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्यांना शेतकऱ्यांची आठवण तशीही होते. आजींनी चार हजार आठशे साठ रुपये आण्णांपुढं ठेवले, आण्णांनी साठ रुपये परत केले आणि त्यांनी त्याचा चहा नेला. निम्मा फळा पुसला गेला. मार्ट चालूच आहे, आणि तिथं रोख द्यायला लोक जातातही. चुकतं कुठं? थंडगार हवेत ढकलगाडी फिरवायला कुणाला आवडत नाही? फक्त तिथं जाऊन 'लिवून ठेवा' असं म्हणून बघा. वॉचमन आत येईल. तोही आपलाच, आण्णांच्या वहीतला.

फळ्याची उरलेली निम्मी बाजू बहुतेक गावाबाहेर राहणाऱ्यांची आहे. तेव्हा पुणे, मुंबई, पिंपरी-चिंचवड आणि दुबई इथल्या संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी. यंदा जत्रेला येण्याआधी आपापली आद्याक्षरं तपासून घ्या. सु. ज. मोकळे झाले आहेत, पण रा. प. अजून आहेत आणि गावात रा. प. सतरा आहेत. पैसे क्यूआरवर पाठवले तरी चालतात. रोख आणणार असाल तर दहाची नाणी आणू नका, आण्णा घेत नाहीत.